लेखी माफी

"लेट आहे म्हणा," मी म्हणालो.

"सर, रीशेड्यूल झालीय," काउंटरवरचा टायवाला म्हणाला.

"आठची साडेदहाला सुटणार. याला काय म्हणतात?"

"सर, ऑपरेशनल रीझन्समुळे..."

"लेट म्हणतात. म्हणून बघा एकदा. जीभ झडत नाही."

तो हसला. यांना हसायचंच शिकवलेलं असतं. मागे रांगेतले दोघंचौघं माझ्याकडे बघायला लागले आणि प्रमिलाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या शर्टाची बाही ओढली. "अहो, चला ना. बसू तिकडे." तिच्या दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा होता. सकाळपासून तिने तो कुणाच्या हातात दिला नव्हता.

औरंगाबादच्या विमानतळावरची ही गोष्ट. नऊ वर्षं झाली त्याला.

मी रेल्वेचा माणूस. असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागलो आणि भुसावळच्या कंट्रोल ऑफिसातून चीफ कंट्रोलर म्हणून बाहेर पडलो. छत्तीस वर्षं. कंट्रोलर काय करतो ते लोकांना ठाऊक नसतं. स्टेशनवर मास्तर दिसतो, गाडीत टीसी दिसतो, आम्ही कुठंच दिसत नाही. आम्ही एका खोलीत कानाला फोन लावून बसतो आणि कुठली गाडी थांबवायची, कुठली पुढे काढायची ते ठरवतो. आमच्याकडे गाडी लेट झाली की लेट म्हणायचं. किती मिनिटं ते लिहायचं, का ते लिहायचं आणि कुणामुळे तेही लिहायचं. एका मिनिटाचा हिशोब लागला नाही तर साहेब सकाळी सकाळी सालटी काढायचा. आणि हे टायवाले म्हणे रीशेड्यूल!

विमानाने जायची हौस मला नव्हती. हर्षलने तिकिटं पाठवली होती. हर्षल आमचा एकुलता एक. आदल्या दिवशी दुपारी आईला फोन करून म्हणाला, "व्हिसा आला. उद्याच निघतोय, कॅनडाला. रात्री आठचं विमान आहे बंगलोरहून. पाच वाजता आत जावं लागेल. तेवढ्यात भेटून जा. पप्पांना पण घेऊन ये." त्या दिवशीची कर्नाटक एक्सप्रेस भुसावळहून निघून गेलेली आणि दुसऱ्या दिवशीची धरून हा हाती लागणार नव्हता. माझा फर्स्ट क्लासचा पास पाकिटात तसाच राहिला. आम्ही संध्याकाळी टॅक्सीने औरंगाबादला प्रमिलाच्या भावाकडे आलो, सकाळी विमानतळावर. आठला निघून नऊला मुंबई, दहा चाळीसला मुंबईहून दुसरं विमान, सव्वाबाराला बंगलोर. पोराबरोबर पावणेपाच तास. असं कागदावर होतं.

"साडेदहाला निघालं तर पुढचं मिळेल का हो?" प्रमिलाने विचारलं.

"कसं मिळेल? ते दहा चाळीसला सुटतं. तेव्हा आपण सिन्नरच्या वर असू."

"मग?"

"मग काय? देतील पुढचं कुठलं तरी. उपकार केल्यासारखं."

ती डबा मांडीवर घेऊन बसली. डब्यात बिबड्या होत्या. आमच्या खानदेशातला ज्वारीचा पापड. कागदासारखा पातळ आणि बोटाने दाबला तरी मोडणारा. तिने त्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या, आणि आता एकेका थराखाली जुनं धोतर फाडून घातलेलं होतं. तपासणीच्या पट्ट्यावरून डबा बाहेर आला तेव्हा तिथल्या शिपायाने झाकण उघडून त्यावर बोट आपटलं. ती एवढ्या जोराने "हळू हो भाऊ!" म्हणाली की तो बिचारा दचकला.

"कॅनडात काय पापड मिळत नाहीत?" मी म्हणालो. "आणि तो स्वतःच आचारी. करून खाईल."

"शेफ म्हणतात."

"आचारीच म्हणतात. भांड्याला कल्हई केली म्हणून ते चांदीचं होत नाही."

तिला बोलायचं असलं की ती आधी बराच वेळ गप्प बसते. छत्तीस वर्षांत एवढा सिग्नल मला कळायला लागला होता.

"आज त्याच्याशी नीट बोला," ती म्हणाली.

"बोलेन की."

"तसं नाही. ते दिवाळीचं... एकदा म्हणा, चुकलं म्हणून. तो काही मागत नाही. पण म्हणा."

दिवाळीचं म्हणजे चार वर्षांपूर्वीचं. हर्षल रेल्वेची परीक्षा पास होऊन मनमाडला मालगाडीवर गार्ड लागला होता. मी पेढे वाटले होते, आख्ख्या कंट्रोल ऑफिसात. चौदा महिन्यांनी पठ्ठ्याने राजीनामा दिला आणि बंगलोरच्या एका हॉटेलात कांदे चिरायला गेला. वर्षभराने दिवाळीला घरी आला. मळ्यातून वांगी आणून अंगणात तुराट्यांवर भाजली, स्वतः भरीत केलं आणि पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. घरात माझे दोन भाऊ, त्यांच्या बायका, सगळे बसलेले. मी ताट सरकवलं. म्हणालो, "सरकारी नोकरी सोडून पळालेल्या आचाऱ्याच्या हातचं मी खात नाही." तो उठला, हात धुतले आणि दुपारच्या गाडीने गेला. त्यानंतर आला नाही. आईशी फोनवर बोलायचा. मी फोनच्या जवळ गेलो की ती म्हणायची, "बरं, ठेवते रे."

"मी कशाला माफी मागू?" मी म्हणालो. "बापाने पोराची माफी मागायची? कुठल्या रूलबुकात आहे?"

"रूलबुकात नाही," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

साडेदहा म्हणाले ते निघालं दहा पंचावन्नला. मुंबईत उतरलो तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं. दहा चाळीसचं विमान अर्थातच वेळेवर गेलेलं. आमच्या बाबतीत तेवढं ते वेळेवर! आता हे बघा, आमच्याकडे एक गाडी लेट असली आणि तिचे पंधरा-वीस प्रवासी पुढच्या गाडीचे असले की जंक्शनवर पुढची गाडी आम्ही धरून ठेवायचो. सरसकट नाही, पण ठेवायचो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. वरून शिव्या खायचो, पण लोक घरी पोचायचे. इथं काउंटरवरच्या मुलीला मी ते समजावून सांगितलं. तिच्या छातीवर शर्वरी असं नाव होतं. मराठीच होती, पण सुरुवात इंग्रजीतून.

"सर, वुई कॅनॉट होल्ड अ फ्लाइट."

"मराठीत सांग बाळा. खोटं मराठीत पटकन उघडं पडतं."

ती पण हसली. मग म्हणाली, "काका, विमान असं थांबवता येत नाही. तुम्हाला एक चाळीसच्या फ्लाइटमध्ये दोन सीट देते. सव्वातीनला बेंगळुरू. चालेल?"

"न चालून सांगतो कुणाला!"

प्रमिला मध्येच पुढे झाली. "बाई, आमचा मुलगा पाच वाजता आत जातो. परदेशी. पाचच्या आत पोचवा, एवढंच करा."

"पोचाल काकू," ती मुलगी म्हणाली आणि नवे कागद दिले. दोन माझ्या हातात. मी ते कपड्याच्या पिशवीत न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवले. कागदपत्रं आमच्या घरात कायम माझ्या खिशात असतात. प्रमिलाला इंग्रजी यथातथाच, आणि गर्दीत ती बावरते, असं माझं मत होतं. एकटीने कधी जळगावच्या पुढे गेलेली नव्हती.

नंतर त्यांनी समोशाची कुपनं वाटली. माणसाचा अख्खा दिवस खायचा आणि वर समोसा द्यायचा! लोक ती घ्यायला धावले. सूटबूट घातलेली, लॅपटॉप लटकवलेली माणसं समोशासाठी रांगेत! आमच्या थर्ड क्लासच्या डब्यातली माणसं यांच्यापेक्षा मानी असायची, निदान स्टेशन मास्तरच्या टेबलावर मूठ तरी आपटायची. मी कुपन घेतलं नाही. प्रमिलानेही घेतलं नाही, पण ते माझ्यामुळे.

एक वाजता टीव्हीसारख्या पाटीवर एक चाळीसचे दोन चाळीस झाले.

"म्हणजे पोचणार किती वाजता?" प्रमिलाने विचारलं.

"चार वीस. फार तर साडेचार."

"म्हणजे अर्धा तास राहिला."

"राहिला तर."

सकाळी पावणेपाच तास होते, आता अर्धा. तिने डबा छातीशी धरला होता. तिचे डोळे पाटीवरून हलत नव्हते. मी उठलो. म्हटलं, आता पुरे. आता यांना दाखवतो.

मी शर्वरीकडे गेलो. म्हणालो, "तक्रार पुस्तक द्या."

"काय?"

"कंप्लेंट बुक. नंबर घातलेली पानं असतात. तीन प्रती निघतात. एक प्रवाशाला."

"काका, आमच्याकडे वेबसाइटवर फीडबॅक फॉर्म असतो."

"फीडबॅक!" मी म्हणालो. "फीडबॅक लग्नाच्या जेवणावर देतात. मला तक्रार करायची आहे. कोरा कागद आणि पेन द्या, मी पुस्तक करतो."

तिने दोन कागद दिले. काउंटरच्या कडेला उभा राहून मी लिहायला घेतलं, दोन्ही कागदांवर तेच. मुद्दा क्रमांक एक, पहिल्या विमानाचा विलंब, सुटण्याची प्रत्यक्ष वेळ. मुद्दा क्रमांक दोन, जोड विमान धरून न ठेवणे. मुद्दा क्रमांक तीन, कारण न सांगणे व विलंबाला विलंब न म्हणणे. छत्तीस वर्षांचं रेल्वेचं इंग्रजी माझ्या हातातून सरसर उतरत होतं. खरं सांगतो, त्या दिवसात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. शेवटचा मुद्दा लिहिला, सहावा. झाल्या प्रकाराबद्दल कंपनीने निम्नस्वाक्षरीकर्त्याची लेखी माफी मागावी. 'लेखी'खाली रेघ मारली.

प्रमिला येऊन बाजूला उभी राहिली. "अहो, बंगलोरचं विमान बावीस नंबरला लागलंय म्हणतात."

आमच्या कागदावर सतरा नंबरचं दार होतं. मी काचेतून बघितलं. सतराच्या बाहेर विमान नव्हतं, नुसता डांबराचा चौक.

"कोण म्हणतं?"

"ती झाडणारी बाई. नगरची आहे. तिला विचारलं मी."

"झाडणारीला विचारून विमानं सुटतात का?"

"तिला माहीत असतं हो. ती म्हणाली, मावशी, पाटीवर नंबर बदललाय, तिकडे जा."

"अगं, रेकच लागलेला नाही." रेक म्हणजे आमच्याकडे डब्यांची अख्खी माळ. ती फलाटाला लागल्याशिवाय गाडी सुटत नाही, हे पोराटोरांना कळतं. "विमान येईल, माणसं उतरतील, झाडलोट होईल, मग आपण. अजून पाऊण तास हालत नाही. आणि सुटायच्या आधी अनाउन्समेंट होते. ऐकू येतेय का तुला काही? नाही ना? मग बस जाऊन."

"इथं भोंग्यावर सांगत नाहीत म्हणाली ती. आपणच बघायचं असतं."

"वा! म्हणजे आता त्या झाडूवालीकडून मी ट्रॅफिक शिकायचं."

ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "माझा तो कागद द्या."

"कशाला?"

"द्या ना. बघते."

"घे. वाच, पाठ कर." मी खिशातून तिचा बोर्डिंग पास काढून तिच्या हातात कोंबला आणि कागदाकडे वळलो. सही केली. मनोहर सीताराम नेहेते, चीफ कंट्रोलर, निवृत्त.

शर्वरीने कागद घेतला, घाईघाईने नजर फिरवली. "काका, मी हे वर पाठवते. पण तुमची फ्लाइट..."

"माझी फ्लाइट मला शिकवू नका. पोच द्या."

"सही करते ना."

"सही आणि शिक्का. आणि वेळ घाला."

"शिक्का ड्यूटी मॅनेजरकडे असतो. ते आत गेलेत."

"मी थांबतो."

"काका, प्लीज, तुम्ही आधी..."

"मी म्हटलं ना थांबतो! शिक्क्याशिवाय कागद म्हणजे समोशाखालचा कागद."

ती मुलगी आत पळाली. आली तेव्हा तिच्या मागे एक गोरागोमटा मॅनेजर, हातात शिक्का. त्याने कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर तो मारला, सही केली. मी म्हणालो, "वेळ." त्याने मनगटावर बघून वेळ घातली. मी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि आमच्या खुर्च्यांकडे आलो.

खुर्ची रिकामी होती. माझी बॅग होती. तिची पिशवी नव्हती आणि डबा नव्हता.

बाथरूमला गेली असेल, असं मी म्हटलं. डबा घेऊन? ती तो कुठंही नेऊ शकत होती. पाच मिनिटं थांबलो. मग बायकांच्या बाथरूमपाशी गेलो, तिथं उभ्या असलेल्या झाडणाऱ्या बाईला विचारलं, "हिरव्या लुगड्यातली बाई दिसली का? डबा घेतलेली?"

तिने मला वरून खाली बघितलं. "त्या गेल्या की," ती म्हणाली. "बावीसमधून. तुम्हीच का ते लिहीत होते?"

बावीस नंबरचं दार बंद होतं. तिथली मुलगी कागद आवरत होती. मी पास पुढे केला. ती म्हणाली, "सॉरी सर, गेट क्लोज्ड." मी काचेतून बघितलं. विमान माघारी सरकत होतं. नाकात दोर बांधलेल्या बैलाला मागे रेटावं तसा एक ट्रॅक्टर त्याला ढकलत होता. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं सगळं मी लिहून दिलं होतं.

पुढचं विमान सातला होतं. मी सतरा नंबरच्या समोर बसून राहिलो. चार पस्तीसला फोन वाजला. नंबर हर्षलचा.

"पप्पा."

चार वर्षांनी. आवाज जाड झाला होता त्याचा.

"हं."

"आई पोचली."

"हं. एकटी कशी काय गेली कुणास ठाऊक. मला न सांगता."

"ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही?"

"सातचं आहे. तू तोवर आत जाशील. ह्या लोकांनी गेट बदललं, सांगितलं नाही, काही नाही. भोंगासुद्धा नाही यांच्याकडे. मी सोडणार नाही. सहा मुद्दे लिहून दिलेत. लेखी माफी मागितलीय त्यांच्याकडे."

पलीकडे गर्दीचा आवाज येत होता. प्रमिला काहीतरी म्हणत होती, त्याने "हो, हो" म्हटलं. मग मला म्हणाला, "मिळेल, पप्पा."

"मिळालीच पाहिजे."

"आईने बिबड्या आणल्यात. एकही मोडली नाही."

"बरं."

"मी निघतो मग. पाच वाजतील."

"नीघ," मी म्हणालो. "वेळेवर जा."

त्याने फोन ठेवला. मी मुंबईहूनच रात्रीची गाडी धरून घरी आलो. प्रमिला तिसऱ्या दिवशी आली, हर्षलने काढून दिलेल्या तिकिटावर, कर्नाटक एक्सप्रेसने, एकटी. मी घ्यायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी पन्नास मिनिटं लेट होती. मी कुणाला काही बोललो नाही. ती उतरली, पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "रिक्षा करा." बंगलोरचं तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल भाऊ, शेजारी, जुने सहकारी, जो विचारील त्याला मी कंपनीचा उद्धार करून दाखवायचो. प्रमिला आत असायची.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. चांगल्या जाड कागदावर, इंग्रजीत, कंपनीचा छाप मारलेलं. मी चष्मा लावून खुर्चीत बसलो. पहिल्या पाचही मुद्द्यांवर त्यांनी नेहमीसारखी तोंडाला पानं पुसली होती. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, आमच्या नोंदींनुसार बेंगळुरू विमानाचं गेट क्रमांक बावीस दुपारी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी उघडण्यात आलं. त्याच पीएनआरवरील दुसऱ्या प्रवासी त्यातून वेळेत गेल्या. आपले पती समोरच उभे आहेत, ते येत आहेत, अशी त्यांनी विनंती केल्यामुळे गेट निर्धारित वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त उघडं ठेवण्यात आलं आणि दोन वाजून बावीस मिनिटांनी बंद करण्यात आलं. सबब आपल्या मागणीचा विचार करता येत नाही.

मी उठून कपाटातून माझी पोच काढली. शिक्क्याखाली मॅनेजरने घातलेली वेळ होती. दोन सव्वीस.

ती जास्तीची दोन मिनिटं. विमान थांबवता येत नाही म्हणाले होते, आणि तिने थांबवलं होतं. आमच्या खात्यात दोन मिनिटांच्या डिटेन्शनसाठी, म्हणजे गाडी अडवल्याबद्दल, मी माणसांना उभं करून विचारलेलं आहे, दोन मिनिटं कुणासाठी खाल्लीत म्हणून.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज सांगतो. मी बघितलं होतं. शर्वरी आत शिक्का आणायला गेली तेव्हा मी मान वर केली आणि बावीस नंबरची रांग दिसली. साठ पावलांवर. रांगेच्या टोकाला हिरवं लुगडं आणि डबा. वॉकीटॉकीवाला माणूस "बेंगळुरू, बेंगळुरू" करत माझ्या पाठीमागून गेला, तेही ऐकलं. प्रमिला वळली. तिने हाताने मला बोलावलं, एकदा, दोनदा. मी पेन धरलेला हात वर केला. थांब. आयुष्यभर मी हात वर केला की गाड्या थांबल्या होत्या. ती बघत राहिली. दारातल्या मुलीशी काही बोलली, पुन्हा बघितलं. मी काउंटरकडे तोंड केलं आणि शिक्क्याची वाट बघत उभा राहिलो. कारण साठ पावलं चाललो असतो तर चार वीसला बंगलोर होतं, आणि बंगलोरला तो उभा होता, आणि त्याच्यापुढे जाऊन मला ते म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा विमान चुकलेलं बरं. विमान चुकलं तर दोष कंपनीचा.

भ्याड माणूस किती बारीक अक्षरात तक्रार लिहितो ते बघायचं असेल तर माझी प्रत अजून कपाटात आहे.

प्रमिला हात पुसत बाहेर आली. पत्र माझ्या मांडीवर होतं. तिला त्यातलं इंग्रजी वाचता आलं नसतं, किंवा आलंही असतं. बावीस नंबर तिने वाचलाच होता.

"विमानवाल्यांचं आलं का?" ती म्हणाली. "काय म्हणतात?"

मी पत्राची घडी केली. "काय म्हणणार? माफी मागतात."

"लेखी?"

"लेखी."

तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हासारखंच, बावीसच्या दारात उभी राहून बघितलं होतं तसं. मग खुर्चीच्या हातावरचा माझा रिकामा कप उचलला.

"चला," ती म्हणाली. "कुणीतरी मागितली."